फळीखालचं लोंढा

घरात छोटी रेल्वे मांडलेल्या माणसाकडे पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'किती स्पीडनं पळते हो?' मी रेग्युलेटर थोडासा, अगदी नखभर फिरवतो. इंजिन हलतंय की नाही हे कळायला चाकाकडे टक लावून बघावं लागतं. पाहुण्यांचा विरस होतो. भाचा तर तोंडावर सांगतो, 'मामा, बंद पडलीय.' बंद पडलेली नसते. या सगळ्या खटाटोपात मिरवण्यासारखं माझ्याकडे काही असेल तर एवढंच आहे, की गाडी इतकी सावकाश चालते आणि तरी कुठे थांबत नाही.

जोरात गेलेली गाडी रुळाची सगळी दुखणी झाकून नेते. चांगल्या इंजिनाच्या पोटात मोटारीच्या दांड्यावर पितळेचं लहानसं फ्लायव्हील बसवलेलं असतं. एखाद्या जोडावर वीज क्षणभर तुटली तरी ते फिरत राहतं आणि त्या फिरण्यावर इंजिन वाईट जागा ओलांडून जातं. तीच गाडी मुंगीच्या चालीनं सोडा. जिथे कनेक्शन ढिलं, जिथे रुळावर काळा थर, जिथे पॉइंटमध्ये, म्हणजे एका रुळाच्या दोन वाटा फुटतात त्या सांध्यात, वीज पोचत नाही, नेमकी तिथे ती अडखळते. दिवा मिचमिचतो, इंजिन आचका देतं आणि उभं राहतं. म्हणून नवी जोडणी झाली की पहिली फेरी सर्वांत हळू गाडीची. वेग हा शेवटी, पोरांसाठी.

माझं काम एच-ओ मापात आहे, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याएवढं. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. इथेच आपल्या भागातल्या माणसाची पंचाईत सुरू होते. हे १६.५ मिलिमीटर युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजचं माप आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. ८७ नं भागलं तर १९.३ च्या आसपास येतं. म्हणजे आपला डबा त्या रुळावर ठेवला की रूळ अरुंद दिसतात, आणि जाणकार आला तर त्याची नजर पहिली तिथेच जाते. मिरज स्टेशन करायचं कुणी मनावर घेतलं तर त्याला दंडवत. एके काळी तिथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइनचं ७६२ मिलिमीटरचं नॅरोगेज, अशी तिन्ही मापं नांदत होती. या मापात ते साधारण १९.३, ११.५ आणि ८.८ मिलिमीटर. मी त्या फंदात पडलो नाही. बाजारात मिळतो तो १६.५ चा रूळ घेतला आणि लोंढा जंक्शन करायला घेतलं. माझं बेळगाव सोडून लोंढाच का, ते पुढे येईलच.

वीज कशी फिरते ते एकदा सांगून टाकतो, कारण बघणाऱ्यांना वाटतं इंजिनात सेल आहे. सेल नाही. एक रूळ म्हणजे एक तार, दुसरा रूळ म्हणजे दुसरी. रेग्युलेटरमधून जास्तीत जास्त १२ व्होल्ट डीसी येतं, एका बाजूच्या चाकांतून आत शिरतं, मोटार फिरवतं आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून परत जातं. यासाठी धुऱ्याच्या दोन टोकांची चाकं एकमेकांपासून प्लास्टिकच्या बुशानं तोडलेली असतात; नाहीतर पहिल्याच चाकाला शॉर्ट. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी मागे जाते. यातली एक गंमत बऱ्याच जणांच्या लवकर लक्षात येत नाही. साध्या डीसीत इंजिनाचं तोंड कुठे आहे याला काही किंमत नाही. एकाच रुळावर दोन इंजिनं पाठीला पाठ लावून ठेवली तरी दोन्ही एकाच दिशेला जातात, एक पुढे तोंड करून, दुसरं रिव्हर्समध्ये.

रुळाचे तुकडे साधारण वीतभराचे, नाहीतर वाकवता येणारे जवळजवळ मीटरभर लांबीचे असतात. दोन तुकडे जोडायला पत्र्याची बारीक पन्हळ असते, तिला जॉइनर म्हणतात. खऱ्या रुळावर फिशप्लेट असते, तिचं हे बाळरूप. बॉक्सवरच्या चित्रात दोन वायरी एका जागी लावलेल्या दाखवतात आणि बाकी वीज या जॉइनरांतून आपली आपण फिरेल असं गृहीत धरतात. नवीन असताना फिरतेही. पण जॉइनर रुळाला धरून ठेवण्यासाठी केलेला आहे. वीज वाहून नेणं हे त्याच्यावर लादलेलं जादा काम. आत धूळ जाते, पत्रा गंजतो, ओढाताणीनं पकड सैल होते. त्यात रूळ निकल सिल्व्हरचा. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी औषधालाही नाही. तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू तो. गंजला तरी वीज जाऊ देतो हा त्याचा गुण, पण तांब्याच्या कित्येक पट अडवणूक करतो हा दोष. परिणाम असा, की वायरी लावल्या त्या जागी गाडी सुसाट आणि समोरच्या टोकाला दमलेली.

आमच्याकडे यात पावसाळ्याची भर. बेळगावातल्या शहापुरातलं जुनं कौलारू घर, माळ्यावर एकोणीस एमएमच्या प्लायचा पाट, त्यावर हा पसारा. जूनमध्ये एकदा खानापूरकडून ढग यायला लागले की पुढचे तीन महिने माळ्यावर कपडे वाळत नाहीत, तिथे लाकूड काय कोरडं राहणार! प्लाय फुगते, दिवाळीनंतर आक्रसते. रूळ धातूचा, तो आपल्या जागी. या रस्सीखेचीत जॉइनरचे हाल होतात. म्हणून माझा नियम सोपा आहे: जॉइनरवर विजेसाठी विसंबायचं नाही. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, तो टीचभर का असेना, स्वतःच्या दोन वायरी.

या बारीक वायरींना फीडर म्हणतात. त्या फळीतून खाली उतरतात आणि फळीखालून जाणाऱ्या दोन जाड वायरींना मिळतात. जाड जोडीला बस म्हणायचं. बससाठी मी घराच्या वायरिंगची दीड एमएमची तांब्याची वायर घेतो, लाल आणि काळी. खडे बाजारातल्या दुकानदाराला वाटलं मी नवीन खोली काढतोय. ही वायर दहा मीटर नेली आणि दहा मीटर परत आणली, तरी एका अँपिअरला पाव व्होल्टच काय तो कमी होतो; आणि आजकालचं एच-ओ इंजिन एकटं असेल तर अर्धा अँपिअरही खात नाही. फीडर मात्र वीतभराचा, पातळ, लवचिक. लांब ठेवला की सगळा हिशेब बिघडतो.

रंगाचं पथ्य पाळावंच लागतं. 'डावा रूळ लाल' असं ठरवून चालत नाही, कारण वळणाच्या पलीकडे गेलं की डावं कुठलं यावर स्वतःशीच वाद होतो. त्यापेक्षा 'माळ्याच्या भिंतीकडचा रूळ लाल, आपल्याकडचा काळा' हे बरं. फळीखाली उताणं पडून, डोळ्यांत भुसा जात असताना, विचार करावा लागू नये यासाठी हे रंग असतात.

आता सोल्डर. रुळाच्या बाहेरच्या अंगाला, डोक्याखाली जी खोलगट पट्टी असते तिथेच वायर लावायची. आतल्या बाजूला टिपका आला तर चाकाची कड त्याच्यावर चढणार. आधी बारीक कानशीनं नखाएवढी जागा घासून चकचकीत करायची, मग तिथे थोडी पेस्ट, मग सोल्डरिंग आयर्नचं टोक रुळाला टेकवून शिशाचा पातळ थर द्यायचा. वायरीचं टोक सोलून, पिळून, त्यालाही तसाच थर. टोक काटकोनात वाकवून रुळाला चिकटवायचं आणि आयर्न पुन्हा एकदा टेकवायचं. दोन थर वितळून एक होतात ते डोळ्यांना दिसतं: टिपका एकदम पाण्यासारखा चमकतो आणि पसरतो. तेवढ्यात आयर्न उचलायचं आणि वायर हलू न देता हात तसाच धरून ठेवायचा. साठ-चाळीसची कथिल-शिशाची तार १९० अंशांच्या आत वितळते, पण आयर्न त्याच्याहून फार तापलेलं असतं, आणि रुळाखालचे स्लीपर प्लास्टिकचे. दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवलं की स्लीपर लोण्यासारखे वाकतात. म्हणून जागेच्या दोन्ही बाजूंना रुळावर ओला कापूस ठेवायचा, उष्णता तिथेच अडते. थंड झालेला टिपका चकचकीत असला तर ठीक. मळकट, दाणेदार, गोळ्यासारखा बसला असला तर तो नुसता वर बसलाय, चिकटलेला नाही. बोटानं ओढून बघायचं आणि निघाला तर पुन्हा पहिल्यापासून.

या कामात मला गुरू मिळाले ते गल्लीतलेच. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, हुबळीकडे. घरात कन्नड, गल्लीत मराठी, आणि रिले-पॉइंटबद्दल बोलायला लागले की दोन्ही एकात एक. पहिल्यांदा माळ्यावर आले तेव्हा भाचा गाडी गरगरा फिरवत होता. अण्णा जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'पळालं म्हंजे जोड बरोबर हाय असं कोण सांगितलं तुला? निधान बिडप्पा, निधान.' म्हणजे हळू सोड बाबा, हळू. मग रेग्युलेटर त्यांनी हातात घेतला. पुढे त्यांनी वरची स्टेशनची इमारत, झाडं, भिंती यांतलं काही बघितलं नाही. सरळ वाकून फळीखाली डोकं घातलं.

अण्णांकडून कळलं की खऱ्या रुळातही वीज खेळवतात, आणि ती इंजिनाला पळवण्यासाठी नसते. ट्रॅक सर्किट म्हणतात त्याला. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसानं १८७२ मध्ये ही युक्ती काढली. रुळाचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेशननं तोडायचा, एका टोकाला हलकं व्होल्टेज द्यायचं, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेनं उचलला जाणारा स्विच. रूळ मोकळा असेल तोवर रिलेला वीज मिळते आणि तो उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाकं आणि धुरा दोन्ही रूळ शॉर्ट करतात, रिले पडतो, मागचा सिग्नल लाल. रूळ तुटला, वायर तुटली, बॅटरी संपली, तरी रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. म्हणजे आमच्या माळ्यावर ज्या शॉर्टला आम्ही घाबरतो, चाकांत प्लास्टिक घालून जो टाळतो, त्याच शॉर्टवर खऱ्या गाडीतल्या माणसांचा जीव सोपवलेला असतो. आता बऱ्याच ठिकाणी चाकं मोजणारे अॅक्सल काउंटर आलेत, पण अण्णांचं मन अजून रिलेवर. 'ते पडतंय ना, टक् करून, ते ऐकायला पायजे,' म्हणतात.

आता लोंढा. बेळगावहून गाडी निघाली की देसूर, खानापूर, गुंजी करत ती लोंढ्याला येते ती हुबळीकडे तोंड करून. गोव्याला जायचं तर कॅसलरॉकची वाट मागच्या अंगाला. म्हणून मिरजेकडून गोव्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन लोंढ्यात एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात, आणि आतापर्यंत खिडकीतून पुढे बघत बसलेला माणूस पाठमोरा घाटात उतरतो. या थांब्यावर आमच्या पिढीचं लहानपण गेलं. मोठी माणसं पाण्याच्या बाटल्या घेऊन नळाकडे धावत, आई 'खाली उतरू नका' म्हणून ओरडे, आणि मी दारात उभा राहून नवीन इंजिन लागल्याचा धक्का कधी बसतो याची वाट बघे. तेव्हा मीटरगेज होतं. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं, आता वरून २५ हजार व्होल्टची तारही गेली. डबे बदलले, धक्का तोच.

हे माळ्यावर करायचं तर सगळा खेळ वायरिंगचा. साध्या डीसीत एका रुळावर दोन इंजिनं आली की दोन्ही एकदम हलणार, हे वर सांगितलंच. मग आलेलं इंजिन झोपवून ठेवायचं कसं? प्लॅटफॉर्मच्या रुळाच्या हुबळीकडच्या टोकाला, इंजिन मावेल आणि वर चार बोटं उरतील एवढ्या अंतरावर, लाल रूळ कापायचा. कापाच्या फटीत प्लास्टिकचा जॉइनर. काळा रूळ तसाच अखंड. कापलेल्या तुकड्याचा लाल फीडर बसच्या वायरीला थेट न जोडता मध्ये एक स्विच. गाडी येते, इंजिन टोकाच्या तुकड्यात शिरलं की थांबवायची, स्विच बंद. ते इंजिन आता विजेपुरतं मेलेलं. डब्यापासून सोडवायचं, दुसऱ्या टोकाला बाजूच्या लाइनवर उभं असलेलं इंजिन जागं करायचं, त्याच्याही तुकड्याला तसाच स्विच आहे. ते सावकाश मागे येतं, डब्यांना टेकतं. गाडी कॅसलरॉककडे निघून गेली की मग पहिल्याचा स्विच चालू.

हे टेकणं सर्वांत अवघड. तिथे इंजिन बोटभर अंतर कापायला पाच-सहा सेकंद घेतं असं चालायला हवं, आणि त्या बोटभर अंतरात वीज एकदाही तुटता कामा नये. तुटली की माणूस वैतागून रेग्युलेटर वाढवतो, वीज परत येते आणि इंजिन डब्यांवर आदळतं. लोंढ्याचा धक्का मला हवा आहे, पण इतका नाही.

पॉइंटनं तर मला सर्वांत जास्त राबवलं. दोन वाटा फुटतात तिथे लाल रूळ आणि काळा रूळ एकमेकांना ओलांडतात. जिथे ओलांडतात त्या टोकाला रेल्वेतले लोक क्रॉसिंग म्हणतात. तो तुकडा लाल ठेवावा तर काळ्या वाटेनं आलेल्या चाकाला शॉर्ट, काळा ठेवावा तर उलट. स्वस्त पॉइंटमध्ये यावर उपाय म्हणून तो तुकडा प्लास्टिकचाच करतात. तिथे वीज नाही, भांडण नाही. लांब डिझेल इंजिन बाकीच्या चाकांवर वीज घेत निघून जातं. चार चाकांचं आखूड शंटिंग इंजिन हळू आलं की तिथेच बसकण मारतं. दुसरा उपाय धातूचं क्रॉसिंग ठेवण्याचा, पण पॉइंट ज्या बाजूला फिरेल त्याप्रमाणे त्याची वीजही बदलायची. पॉइंट हलवणाऱ्या दांड्याला फळीखाली एक मायक्रोस्विच लावला की पॉइंटबरोबर तोही फिरतो. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, पॅटर्न बनवणाऱ्या एका मित्रानं त्यासाठी सागवानी ठोकळे असे काही बेतून दिले, की स्विच त्यात टिचकीसरशी बसतो. लोखंड ओतण्याचे साचे करणारा हात, त्याला अर्ध्या मिलिमीटरचं काय कौतुक!

सीमाभागातला माणूस दोन रूळ, एक गाडी असं काही लिहायला लागला की वाचणाऱ्याच्या मनात दोन भाषा लगेच उभ्या राहतात, हे मला ठाऊक आहे. एका पाहुण्यानं माळ्यावर उभं राहून तसं भाषणच ठोकलं. अण्णा त्या वेळी फळीखाली होते. तिथूनच म्हणाले, 'ते असू दे, टॉर्च इकडं धरा.'

डिजिटल का नाही करत, असंही विचारतात. त्यात रुळावर कायम पंधराच्या आसपास व्होल्टेज असतं, प्लस-मायनस सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असतं, आणि त्या उलटसुलटीतच इंजिनातल्या चिपला हुकूम जातो. एका रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या दिशांनी चालवता येतात. माझे कापलेले तुकडे आणि स्विच सगळे फुकट. विकणारे सांगतात, दोन वायरी लावा आणि खेळा. हे मात्र मला पटत नाही. डीसीत जोड वाईट असला तर गाडी हळू होते; डिजिटलमध्ये हुकूमच पोचत नाही. शिवाय तिथे एक तपासणी असते: रुळावर जागोजागी आडवं नाणं ठेवायचं आणि प्रत्येक ठिकाणी वीज देणारं यंत्र झटकन बंद होतंय का बघायचं. झालं नाही, तर वायर पातळ आहे, आणि खऱ्या शॉर्टमध्ये डबे-चाकं तापून प्लास्टिक वितळणार. म्हणजे जाड बस आणि भरपूर फीडर तिथे अधिकच लागतात. उद्या डिजिटल घेतलं तरी फळीखालचं माझं काम वाया जाणार नाही, एवढ्यासाठी तरी ते आज नीट करावं.

एक काम अजून राहिलंय. कॅसलरॉकच्या बाजूला गाडी लपून परत यावी म्हणून गोल फिरून त्याच रुळाला मिळणारी वाट घालायची आहे. तिथे फिरून आलेला लाल रूळ समोरच्या काळ्याला भेटतो, सरळ शॉर्ट. त्या गोलाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडायचे, गोल गाडीपेक्षा लांब ठेवायचा, आणि गाडी आत असताना बाहेरच्या मुख्य लाइनची वीज सहा टोकांच्या स्विचनं उलटी करायची. स्विचच्या पाठीवर दोन वायरी फुलीसारख्या टाकल्या की झालं. हे काम आपोआप करणारी सर्किटही मिळतात. मला हातानं फिरवायचा स्विच हवाय, अण्णांना रिले. ते म्हणतात गाडी आत आली की रिलेनं ओळखावं आणि पडावं. त्यासाठी जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधले दोन रिले त्यांनी भंगारवाल्याकडून आणून, त्यांचे काँटॅक्ट घासून, माझ्या टेबलावर ठेवलेत. कॉइल ४८ व्होल्टच्या आहेत, माझ्याकडे १२. त्या गुंडाळून घ्यायला मोटार रिवायंडिंगवाल्याकडे जायचंय. त्याचं म्हणणं, एवढी बारीक तार मशीनवर तुटते, हातानं गुंडाळावी लागेल, आणि सध्या शेतातले पंप आलेत दुरुस्तीला, तेव्हा पाऊस लागल्यावर या.